अळू दरवाज्यापासून पुढे

आमच्या कारखान्यातल्या नव्या सुपरवायझरांना हिवाळ्यात मी राजगड-तोरणा करायला नेतो. मुक्काम पद्मावती माचीवर. पहाटे उठून संजीवनी माचीच्या अळू दरवाज्यातून खाली उतरायचं, धारेधारेनं चालत मधली डांबरी रस्त्याची खिंड ओलांडायची आणि बुधला माचीकडून तोरण्यावर चढायचं. प्रत्येक टप्प्याला लीडर नवा. त्याचा शब्द अखेरचा. मी सर्वांत मागे असतो आणि जिवाला धोका दिसला तरच बोलतो.

लीडर असा आळीपाळीनं बदलण्याची पद्धत जुनीच आहे. पॉल पेटझोल्ट यांनी १९६५ साली अमेरिकेत वायोमिंगमध्ये नॅशनल आउटडोअर लीडरशिप स्कूल काढलं. तिथे डोंगरात रोज नव्या विद्यार्थ्याकडे तुकडी सोपवतात. रिसॉर्टच्या हिरवळीवरच्या दोरीच्या खेळांवर माझा विश्वास नाही. तिथे निर्णय चुकला तरी जेवण वेळेवरच मिळतं. धारेवर पाण्याचा भरवसा नसतो, त्यामुळे प्रत्येकाच्या पाठीवर किती पाणी आहे हे लीडरला निघण्याआधीच ठाऊक हवं.

एका वर्षी पहिला टप्पा क्वालिटी विभागातल्या एका मुलीकडे आला. मीटिंगमध्ये तिचा आवाज मी क्वचितच ऐकला होता. तिनं निघायच्या आधी सगळ्यांना बाटल्या बाहेर काढायला लावल्या. दोघांकडे एकेकच लिटर पाणी निघालं. दोघंही तिला सीनियर. कुरकुरले, पण टाक्यावर जाऊन भरून आले. गुडघा दुखणाऱ्या एका सहकाऱ्याला तिनं आपल्या लगेच मागे घेतलं, म्हणजे सगळ्यांची चाल त्याच्या चालीनं ठरली. पुढे घसाऱ्यावर मागची तगडी पोरं चुळबुळ करायला लागली. त्यांतल्या सर्वांत दणकट पोराला तिनं अवघड वळणावर उभं केलं आणि एकेकाला हात द्यायला सांगितलं. त्यानंतर तो घाई विसरला. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मागून बघताना मला फार आनंद झाला.

खिंडीनंतरचा लीडर भराभरा निघाला आणि कारवीत रांग तुटली. मागून हाका आल्यावर थांबला आणि पुढे नीट चालला.

रात्री तोरण्यावर मेंगाईच्या देवळात बसलो की आधी बाकीचे बोलतात, लीडर शेवटी. गुडघेवाला म्हणाला, "आज पहिल्यांदाच ग्रुपमध्ये मला कुणाला सॉरी म्हणावं लागलं नाही."

पण परतल्यावर त्या मुलीला मीटिंगमध्ये पुन्हा कुणी बोलू दिलं नाही, कारण तिचे साहेब डोंगरावर आलेच नव्हते. मला ते लागलं. तेव्हापासून माझी अट आहे: विभागप्रमुखानं यायचं, स्वतःची सॅक स्वतः उचलायची आणि लीडर सांगेल त्या जागी चालायचं. काही साहेब नकार देतात. त्यांच्या विभागाला मी नेत नाही.