काकांची बोटे

काही विनोद असे असतात की, सारी मंडळी हसत असताना एखादाच माणूस गप्प राहतो. आणि विनोदाचे मर्म बहुधा त्यालाच कळलेले असते. चार्ली चॅप्लिनचा ‘मॉडर्न टाइम्स’ मी कितीतरी वेळा पाहिला असेन. पण तो मला खरा समजला तो चौलच्या आमच्या घरी, थोरल्या काकांच्या शेजारी बसून पाहिला त्या रात्री.

काका मुंबईच्या एका कापडगिरणीत होते. कुलाबा जिल्ह्यातून (१९८१ साली त्याचे नाव रायगड झाले) पोटासाठी गिरणगावात गेलेल्या असंख्य माणसांपैकी ते एक. सूत कातणाऱ्या यंत्रापुढे उभे राहून तुटलेला धागा सांधावयाचा, हेच त्यांचे काम. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यांत काकाही होते. गिरणीचे दार त्यांना पुन्हा उघडले नाही. ते गावी परतले आणि सुपारीच्या वाडीत रमले, निदान आम्हांला तसे वाटे. मात्र ओटीवर स्वस्थ बसले असता त्यांचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर सारखी फिरत राहत. आम्ही मुले त्या चाळ्याला हसत असू.

पुढे काही वर्षांनी घरी व्हिडिओवर हा चित्रपट लावला. सरकत्या पट्ट्यावरचे नट आवळता आवळता चार्लीचे हात त्या गतीचे असे दास होतात की, काम थांबले तरी ते थांबत नाहीत; बायकांच्या झग्यांवरची बटणेसुद्धा त्याला आवळावीशी वाटतात! पोरे हसून लोळू लागली. मी सहज काकांकडे पाहिले. ते आपल्या उजव्या हाताकडे पाहत होते.

जेवणाची सुट्टी वाचावी म्हणून कामगाराला भरवणारे यंत्र आले आणि मक्याचे कणीस चार्लीच्या तोंडावर गरगरू लागले, तेव्हा मात्र काका सर्वांहून मोठ्याने हसले. म्हणाले, “अरे, ह्याने खात्यात काम केलेलं दिसतंय!” लहानपणी चॅप्लिन लंडनच्या गरीबखान्यात राहिला होता, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

मी माझे वाचन पुढे केले. १९३१ साली लंडनमध्ये चॅप्लिन गांधीजींना भेटला, यंत्राला त्यांचा विरोध का, हे त्याने त्यांना विचारले आणि १९३६ मध्ये हा चित्रपट आला. तेव्हा हा यंत्रयुगाचा निषेधच होय, असे मी मोठ्या ऐटीत सांगितले.

काकांनी मान हलवली. “निषेध कसला? बंद कारखाना उघडल्याचं कळलं तेव्हा तो कसा धावत सुटला, पाहिलंस ना?”

मी निरुत्तर झालो. तो प्रसंग मी अनेकदा पाहिला होता, पण त्यातली भूक माझ्या ध्यानात आली नव्हती. ज्या यंत्राने माणसाची बोटे वाकवली, त्याच यंत्राच्या दारात गर्दीतून वाट काढीत त्याने शिरावे, ही विसंगती चॅप्लिनने टाळली नाही. बोलपटांच्या भर अमदानीत त्याने आपल्या भटक्याला जवळजवळ मुकाच ठेवला. बोलण्याचा मान दिला तो बहुतेक यंत्रांना. मुंबईच्या गिरण्यांच्या जागी आता उंच मनोरे उभे आहेत आणि त्या पट्ट्यावरचे काम अनेक ठिकाणी यंत्रेच करतात. तरी हा चित्रपट शिळा होत नाही, याचे कारण मला त्या विसंगतीतच दिसते. यंत्रे बदलली, नकोशा कामाची आस मात्र तशीच राहिली आहे.

काका जाऊन आता बरीच वर्षे झाली. शेवटच्या आजारात त्यांना माणसांची ओळख उरली नव्हती. पण अंगठा आणि तर्जनी फिरतच होती. हा चित्रपट मी आता मुलांबरोबर पाहतो. बटणांचा प्रसंग आला की तीही लोळून हसतात, आणि मीही हसतो. काकांच्या वाटणीचे गप्प राहणे मात्र मला अजून साधलेले नाही.