आकाशाला लावलेले जाळे

कॉलेजात अन्वस्त शिकलो तो एका समीकरणापुरता. त्याची गंमत कळली ती नारायणगावजवळ खोडदला, जीएमआरटीच्या रेडिओ दुर्बिणींसमोर उभा राहिल्यावर. 45 मीटर व्यासाच्या अशा 30 तबकड्या तिथे सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. तबकडी म्हणायची खरी, पण तिच्यातून पलीकडचे आकाश दिसते!

अन्वस्ताचा गुण असा की अक्षाला समांतर आलेला प्रत्येक किरण परावर्तित होऊन एकाच बिंदूत, नाभीत, पोहोचतो. त्यासाठी सलग, गुळगुळीत पत्रा हवा असे आपल्याला वाटते. पण इथे टिपायच्या रेडिओलहरींची लांबी सुमारे 20 सेंटिमीटरपासून दोन मीटरपर्यंत. सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची भोके त्यांच्या खिजगणतीतही नसतात. म्हणून गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलादी दोर ताणून त्यांवर बारीक तारांची जाळी बसवली. वारा आरपार जातो, सांगाडा हलका राहतो, खर्चही आटोक्यात येतो. नीट पाहिले तर हा अन्वस्त पुरता वक्रसुद्धा नाही. लहान लहान सपाट तुकड्यांनी साधलेला आहे.

समुद्राकाठी वाढलेल्या माझ्यासारख्या गोंयकाराला हे लगेच पटले. जाळ्याची भोके मासा बघूनच ठरवतात. निर्दोष आकाराचा हट्ट न धरता, कामाला किती अचूकपणा पुरे हे नेमके ओळखणे, हीसुद्धा विद्याच. हात आखडता ठेवून विज्ञान करणाऱ्या देशाला तर ती यायलाच हवी.