डाग नसलेलें वासरूं

गेल्या वर्षीं आमच्या शाळेच्या सॉफ्टबॉल-संघाची निवड झाली, त्या दिवशीं मी घरीं गेलों तो सरळ अंथरुणावर जाऊन पडलों. फळ्यावर लावलेल्या यादींत माझें नांव नव्हतें. आईनें विचारलें, तेव्हां "निवड अजून व्हावयाची आहे," असें मीं खोटेंच सांगितलें. तें खोटें तीन दिवस टिकलें. चौथ्या दिवशीं बाबांना खरें कळलें. पण ते रागावले नाहींत. रविवारीं त्यांनीं मला जवळ बसवून एका बेसबॉल-संघावरील माहितीपट दाखविला. त्यांतील हकीकत माझ्या मनांत इतकी भरली कीं, पुढें मिळेल तें वाचून मीं ती जुळविली. तीच वाचकांस सादर करितों.

सॉफ्टबॉल हा बेसबॉलचाच धाकटा भाऊ. अमेरिकेंत बेसबॉलच्या मोठ्या संघांखालीं लहानमोठ्या शहरांतून 'मायनर लीग'चे संघ असतात. ह्यांतील बहुतेकांचे खेळाडू मोठ्या संघांनीं नेमलेले असतात. कोणास ठेवावें, कोणास काढावें, हें वरून ठरतें. गांवानें एखाद्या खेळाडूवर जीव लावावा, तोंच त्यास वर बोलावणें येतें.

ओरेगन राज्यांतील पोर्टलंड शहराचा जुना संघ 'बीव्हर्स' १९७२ चा हंगाम संपल्यावर स्पोकेन येथें निघून गेला. मैदान ओस पडलें. तेव्हां बिंग रसेल नांवाचा नट पुढें आला. 'बोनांझा' ह्या दूरदर्शन-मालिकेंत तो दुय्यम भूमिका करीत असे. तरुणपणीं तो स्वतः मायनर लीगमध्यें खेळलेला होता. १९७३ सालीं त्यानें कोणत्याही मोठ्या संघाशीं न बांधलेला असा स्वतंत्र संघ उभा केला व त्याचें नांव ठेविलें 'मॅव्हरिक्स'. मॅव्हरिक म्हणजे मालकाचा डाग न दिलेलें वासरूं. सॅम्युएल मॅव्हरिक नांवाचा टेक्ससमधील एक जमीनदार आपल्या गुरांना डाग देत नसे, त्यावरून हा शब्द रूढ झाला.

रसेलनें निवडचांचणी सर्वांना खुली ठेविली. दूरदूरच्या गांवांहून माणसें आलीं. त्यांत इतर संघांनीं काढून टाकलेले होते, वय उलटलेले होते, आणि ज्यांना कोणीं कधीं विचारलेंच नव्हतें असेही होते. असा हा संघ पहिल्या सामन्यास उतरला आणि त्याच्या पिचरनें प्रतिपक्षास एकही हिट मारूं दिली नाहीं!

रसेलचा मुलगा कर्ट, जो पुढें प्रसिद्ध नट झाला, तोही ह्या संघांत खेळला. लॅनी मॉस ह्या तरुण स्त्रीकडे रसेलनें संघाचा कारभार सोंपविला. त्या काळीं ही गोष्ट नवलाची होती. एके काळीं न्यूयॉर्क यांकीजकडून खेळलेला जिम बाउटन उतरत्या वयांत येथें आला व येथूनच पुन्हां वर चढून १९७८ सालीं मोठ्या संघांत पोहोंचला. बेसबॉलपटूंना तंबाखू चघळण्याची खोड असे. ती पाहून रॉब नेल्सन ह्या सोबत्यास तंबाखूऐवजीं तसेंच बारीक चिरलेलें च्युइंगम पिशवींत भरून विकण्याची कल्पना सुचली. बाउटनच्या साहाय्यानें ती फळास आली आणि तें च्युइंगम १९८० पासून बाजारांत आलें.

१९७७ सालीं मॅव्हरिक्सनीं ४४ सामने जिंकले व अवघे २२ गमावले. त्या एका हंगामांत सव्वा लाखांवर प्रेक्षक आले. परंतु अंतिम लढतींत बेलिंगहॅमच्या संघानें त्यांना हरविलें. विजेतेपद त्यांना कधींच मिळालें नाहीं.

मैदान पुन्हां गजबजलेलें पाहून, तें सोडून गेलेली वरची लीग परत आली. नियमाप्रमाणें भरपाई देऊन तिला पोर्टलंड घेतां येत होतें. तिनें २६,००० डॉलर देऊं केले. रसेलनें २,०६,००० मागितले. लवादानें रसेलची मागणी मान्य केली. पैसा मिळाला, पण संघ संपला. पुरे पांच हंगाम तो जगला.

माहितीपट संपल्यावर मीं बाबांना विचारलें, "मग शेवटीं त्यांना काय मिळालें?" ते म्हणाले, "खेळावयास मिळालें." त्या वेळीं हें उत्तर मला अपुरें वाटलें.

पुढच्या शनिवारीं यादींत नसलेले आम्ही नऊ जण शाळेमागील पडक्या जागेंत जमलों. आमच्या संघास नांव नाहीं, गणवेष नाहीं; एकच जुनी बॅट आहे. शालान्त परीक्षा झाली कीं आम्ही पांगणार, हें ठाऊक आहे. तरी आतां शनिवारची वाट पाहण्यांत माझा आठवडा कसा सरतो, हें कळत नाहीं.

यंदाही निवड झाली. यंदाही यादींत माझें नांव नव्हतें. घरीं जातांच मीं आईला तें सांगून टाकलें आणि म्हटलें, "उद्यां डबा लौकर दे. सकाळीं आमचा सामना आहे."