पैसा कुणाचा हे विचाराच, पण गरज कुणी ठरवली तेही विचारा

ख्रिश्चन संस्थेचा पैसा म्हणजे धर्मांतराचा पैसा, असं आमच्या आष्टी-पाटोद्याकडं हल्ली चहाच्या टपरीवर आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर सर्रास ऐकू येतं. आमिष दाखवून कुणी धर्म बदलायला लावत असेल, तर जरूर कारवाई करा. पण सगळ्यांना एकाच मापानं मोजण्याआधी आपल्या शेजारचं जामखेड आठवा.

जामखेड नगर जिल्ह्यात. सौताडा ओलांडलं की आलंच. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिश्चन दाम्पत्य तिथं आलं. वेल्लोरला शिकलेले, अमेरिकेत पुढचं शिक्षण घेतलेले. कामाला चर्चशी जोडलेल्या परदेशी संस्थांच्या अनुदानाचा आधार होता. मोठं हॉस्पिटल बांधून, वर पाटी लावून ते मोकळे होऊ शकले असते.

पण त्यांनी आधी लोकांना विचारलं. लोक म्हणाले, डॉक्टर, औषधाचं नंतर बघू. आधी पाणी आणि पोटाचं बघा. त्यात 1972 चा दुष्काळ. मग बोअर घेतले, हातपंप बसवले, तेही ठरवून दलित वस्तीत. पाणी पाहिजे तर सगळ्या गावानं तिथं यायचं! जातीवर भाषण न देता केलेलं हे काम.

पुढं गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका केलं. बऱ्याचजणी निरक्षर, अनेक दलित. 1971 साली त्या गावांत हजारी 176 तान्ही मुलं दगावत होती. पुढं हा आकडा तिसाच्या आत आला. 1979 ला आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सरकारची ‘आशा’ योजना आली 2005 नंतर. म्हणजे बघा, किती आधी!

आमच्या घरातल्या तीन पिढ्या जामखेडच्या दवाखान्याची पायरी चढल्या. देवघर होतं तिथंच आहे.

आता आजचं सांगतो. मी ऊसतोड कामगारांच्या मुलींसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेचा हिशेब बघतो. दिवाळीनंतर आई-बाप कोयता घेऊन कारखान्यावर जातात. मुलगी मागं राहिली तर तिला जेवायला कोण घालणार, सांभाळणार कोण? आणि बरोबर गेली तर शाळा सुटली, पुढं लवकर लग्न. एक मोठी संस्था परदेशातून अनुदान घ्यायची आणि त्यातला छोटा वाटा आमच्यासारख्यांना द्यायची. सप्टेंबर 2020 मध्ये परदेशी देणगीचा कायदा बदलला. असा पैसा पुढं दुसऱ्या संस्थेला द्यायलाच बंदी आली. आमचा वाटा थांबला.

“मग सीएसआर घ्या की,” लोक सांगतात. बरं. कायद्यानं ठरावीक मोठ्या कंपन्यांना नफ्याचे 2 टक्के समाजकामावर खर्च करावे लागतात. पण तोच कायदा म्हणतो, कंपनी जिथं चालते त्या भागाला प्राधान्य द्या. मोठ्या कंपन्या पुण्या-मुंबईकडं, आणि बीडमधून जातात त्या ऊसतोडीच्या टोळ्या. आता बोला!

हा तोच जिल्हा आहे, जिथं 2011 च्या जनगणनेत हजार मुलांमागं फक्त 807 मुली होत्या. इथंच 2019 ला सरकारी समितीच्या पाहणीत 82 हजार ऊसतोड बायकांपैकी 13 हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्यावर काम करायला पैसा लागतो, आणि तो गावापर्यंत पोचावा लागतो.

हिशेब तपासा, ऑडिट करा, रुपया न् रुपया विचारा. आमची वही उघडीच आहे. पण देणारा चर्चचा की मंदिराचा की कंपनीचा, एवढ्यावर थांबू नका. तीन गोष्टी विचारा. गरज कुणी ठरवली? पैसा गावात कुणाच्या हातात आला? आणि अनुदान संपल्यावर मागं काय उरलं?

जामखेडला शिकलेल्या बायका उरल्या आणि दलित वस्तीतले हातपंप उरले.

तुमच्या तालुक्यात कोणत्या अनुदानातून काय उरलंय? चांगलं-वाईट दोन्ही लिहा. गावाचं नाव टाकून लिहा.