माय जिवंत असताना लेकरू अनाथ कसे?

वाढदिवसाचा खर्च हॉटेलात करण्यापेक्षा अनाथाश्रमात करा, असे सांगणारे संदेश मोबाईलवर सतत फिरत असतात. १४ एप्रिल किंवा ६ डिसेंबर जवळ आला की आपल्या समाजातले तरुणही आम्हाला विचारतात, "सर, आश्रमातल्या पोरांसाठी काय आणू?" त्यांच्या हेतूबद्दल आम्हाला शंका नाही. पण ज्या मुलांसाठी आपण केक आणि वह्या घेऊन जातो, ती मुले खरोखर अनाथ आहेत का, हा प्रश्न कोणी विचारत नाही. आम्ही दोघे-तिघे कार्यकर्ते गेली पाच वर्षे बुलढाणा जिल्ह्यातल्या एका बालगृहात आठवड्यातून चार दिवस विनामोबदला काम करतो. त्या अनुभवावरून सांगतो, या मुलांत आई-वडील दोघेही नसलेली मुले बोटांवर मोजण्याइतकी आहेत. बाकीच्यांना कोणी ना कोणी आहे. बहुतेकांना आई आहे.

मग ती तिथे का आहेत? त्याचे उत्तर आमच्या आठवड्यातच सापडते, म्हणून आधी तो आठवडा सांगतो.

सोमवारी आम्ही शाळेत जातो. मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकतात. तिथे त्यांना नावाने कमी आणि 'आश्रमाची पोरं' म्हणून जास्त ओळखतात. कोणाची वही संपली, कोण मागच्या बाकावर झोपतो, कोणाला अजून जोडाक्षर येत नाही, याची यादी करून आणतो. गुरुवारी संध्याकाळी त्या यादीवरून अभ्यास घेतो. शनिवारी अंघोळ, नखे, केसातल्या उवा आणि खरूज. या तीन दिवसांबद्दल जास्त सांगण्यासारखे काही नाही. घरात आई जे करते तेच आम्ही करतो, फक्त एकाच वेळी खूप मुलांचे करतो, त्यामुळे ते कधीच नीट होत नाही.

खरे काम मंगळवारचे असते. मंगळवार हा कागदांचा दिवस.

बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाला कुठे ठेवायचे, हे जिल्ह्याची बाल कल्याण समिती ठरवते. त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये एक तत्त्व लिहिलेले आहे. मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असला पाहिजे. आधी कुटुंब, मग नातेवाईक, मग इतर मार्ग आणि सर्वांत शेवटी संस्था. प्रत्यक्षात गरिबाच्या लेकरासाठी हा क्रम उलटा होतो. कुटुंबाला उभे करायला कागद लागतात, हेलपाटे लागतात. संस्थेत टाकायला एक अर्ज पुरतो.

आमच्याकडच्या दोन भावंडांचे उदाहरण घ्या. वडील भूमिहीन, दुसऱ्याचे शेत ठोक्याने करायचे. एका वर्षी कपाशी गेली, उसनवारी फिटली नाही आणि त्यांनी विष घेतले. आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या कुटुंबाला सरकारची एक लाख रुपयांची मदत आहे. पण त्यासाठी जमीन कुटुंबाच्या नावावर लागते आणि कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे लागते. यांच्या नावावर सातबारा नव्हता आणि उसनवारीला पावती नव्हती. प्रकरण अपात्र ठरले. २००६ साली पंतप्रधानांचे पॅकेज आले तेव्हा विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत बुलढाणाही होता. त्यावर पुष्कळ लिहिले गेले. पण ज्याच्याकडे जमीनच नाही तो शेतात मेला तरी शेतकरी म्हणून मोजला जात नाही, आणि असा माणूस बहुधा कोणत्या समाजातला असतो हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह कशासाठी केले, ते या एका फाईलवरून कळते.

नवरा गेल्यावर ती बाई वीटभट्टीवर गेली. भट्टीवर शाळा नाही, रात्री झोपायला आडोसा नाही, मुलगी मोठी होत होती. कोणीतरी बालगृहाचे नाव सांगितले. तिने मुलांना तिथे आणून सोडले. म्हणजे जमीन नाही म्हणून शेतकरी नाही, शेतकरी नाही म्हणून मदत नाही, मदत नाही म्हणून स्थलांतर आणि स्थलांतर म्हणून मुले संस्थेत. या साखळीच्या शेवटी मुलांवर 'अनाथ' असा शिक्का बसला. तो शिक्का नियतीने मारलेला नाही. तो या व्यवस्थेने टप्प्याटप्प्याने मारला आहे.

दिवाळीत ती भेटायला आली, तेव्हा फाटकावर एका दात्याचा फ्लेक्स लागला होता. तिला वाचता येत नव्हते. तिच्या मुलीनेच वाचून दाखवला, 'अनाथ मुलांना फराळ वाटप'. ती आमच्याकडे वळून म्हणाली, "मी जित्ती हाओ ना, मंग माह्या लेकरायले अनाथ कामून लिहिलं?" आमच्यापैकी कोणालाही उत्तर देता आले नाही.

समाजशास्त्रात एम.ए. करताना आम्ही अर्व्हिंग गॉफमन वाचला होता. १९६१ च्या पुस्तकात त्याने वेड्यांची इस्पितळे, तुरुंग, बराकी अशा ठिकाणांना सर्वंकष संस्था म्हटले. माणूस आत आला की त्याचे कपडे, केस, वस्तू, वेळ सगळे संस्थेचे होते आणि त्याची आधीची ओळख हळूहळू पुसली जाते. परीक्षेत आम्ही यावर उत्तर लिहून मार्क मिळवले. त्याचा अर्थ मात्र इथे कळला. आमच्याकडे मुलांच्या ओळखीचा प्रश्न अगदी ठोस आहे. अनुसूचित जातीच्या मुलाला जातीचा दाखला काढायचा तर वडिलांकडच्या बाजूचा १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल, असे काहीतरी. ज्याच्या घराशी संबंधच तुटला त्याने हे कुठून आणायचे? दुसरीकडे महाराष्ट्रात अनाथांसाठी एक टक्का आरक्षण आहे, पण ते दोन्ही पालक हयात नसलेल्यांसाठी. आमच्या मुलांना आई आहे, म्हणून ते नाही. वडिलांचे कागद नाहीत, म्हणून जातीचे नाही. फ्लेक्सवर अनाथ, आरक्षणाच्या अर्जात सनाथ आणि शिष्यवृत्तीच्या अर्जात कोणीच नाही!

आता रविवार. रविवारी पाहुणे येतात. लग्नसराईत आणि सणावाराला एका दिवशी तीन-तीन कार्यक्रम होतात. मुलांना ओळीत बसवायचे, प्रार्थना म्हणायला लावायची, केक कापायचा, फोटो काढायचा. कोणत्या काकांसमोर हसायचे आणि कोणत्या काकूंसमोर चेहरा पाडायचा, हे सहा-सात वर्षांच्या लेकरांना पाठ झाले आहे. जवळ येऊन हात धरणारे, "तुम्ही परत याल ना?" विचारणारे मूल पाहून पाहुण्यांचे डोळे भरून येतात. पण अनोळखी माणसाला पाच मिनिटांत बिलगणे ही मायेची खूण नाही. रोज नवे माणूस येते आणि जाते, याची ती सवय आहे. जगातही यावर विचार झाला आहे. नेपाळ, कंबोडिया या देशांत परदेशी स्वयंसेवकांच्या ओढ्यामुळे आई-वडील असलेली मुलेही अनाथालयांत भरली गेली. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांच्या ठरावात अनाथालयांतल्या अशा स्वयंसेवी कार्यक्रमांमुळे होणारी हानी रोखायला सांगितले. आमच्याकडे विमानाने कोणी येत नाही, पण रविवारची गाडी तेच काम करते.

येथे कोणी म्हणेल, मग बालगृहे बंद करायची का? बाबासाहेबांनीही वसतिगृहे काढलीच ना? बंद करा असे आमचे म्हणणे नाही. ज्याला खरोखर कोणी नाही, ज्याच्या घरातच त्याच्यावर अत्याचार होतो, त्या मुलाला बालगृह हवेच, आणि ते चांगले हवे. पण वसतिगृह आणि अनाथाश्रम यांत फरक आहे. बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापूरला वसतिगृह सुरू केले. तिथला मुलगा शिकण्यासाठी आला होता. त्याला बाप होता, गाव होते, सुट्टीत परतायला घर होते. तिथल्या विद्यार्थ्यांनी 'सरस्वती विलास' नावाचे मासिक काढले. म्हणजे तो मुलगा लिहिणारा, बोलणारा होता, दात्यासमोर ओळीत बसणारा नव्हता. वसतिगृह समाजाने आपल्या हक्कासाठी उभे केले होते. दयेवर चालणारी जागा मुलाला कृतज्ञ व्हायला शिकवते. बाबासाहेबांना कृतज्ञ पिढी घडवायची नव्हती.

बौद्ध म्हणून आम्हाला आणखी एक आठवण द्यावीशी वाटते. विनयपिटकाच्या महावग्गात राहुलाच्या प्रव्रज्येची कथा आहे. नातवाला संघात घेतल्याचे कळल्यावर शुद्धोदनाला फार दुःख झाले. त्याने भगवान बुद्धांना विनंती केली की यापुढे आई-वडिलांच्या संमतीशिवाय कोणत्याही मुलाला प्रव्रज्या देऊ नये. बुद्धांनी ती मान्य केली आणि तसा नियम केला. संघासारख्या जागीसुद्धा मूल न्यायचे तर आई-बापाचा शब्द लागतो. गरीब आईचा नाइलाज म्हणजे तिची संमती नव्हे.

त्या भावंडांचे पुढे काय झाले तेही सांगतो. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एक पालक गमावलेल्या मुलांना कुटुंबात राहण्यासाठी २०२३ पासून दरमहा २२५० रुपये मिळतात. दोघांचे मिळून ४५००. गावात आजी होती, सांभाळायला तयार होती. मृत्यूचा दाखला, रहिवासी दाखला, आधार, बँक पासबुक, आजीसोबतचा फोटो हे सगळे जमवायला सात मंगळवार गेले. जिल्ह्याच्या ठिकाणी यायचे तर एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे, पण बुडालेली मजुरी पूर्ण असते. शेवटी आदेश निघाला आणि जूनमध्ये शाळा सुरू होताना मुले आजीकडे गेली. पैसे वेळेवर येत नाहीत. पहिले चार महिने काहीच आले नाही, आजीने किराणा उधारीवर भरला. तरीही मुलगी आता गावच्या शाळेत नावाने ओळखली जाते आणि माय भट्टीवरून येते ती सरळ घरी येते.

म्हणून समाजबांधवांना आमची विनंती आहे. 'एक वही एक पेन' हे अभियान चांगलेच आहे, ते चालू ठेवा. पण यंदा जयंती मंडळाने त्यासोबत एक काम अंगावर घ्यावे. आपल्या वस्तीत, आपल्या गावात अशी विधवा बाई, असे एक पालक असलेले मूल कोण आहे याची यादी करा. बालसंगोपनाचा अर्ज कोणाचा भरला नाही ते पहा. जातीच्या दाखल्यासाठी कोणाच्या आजोबांचा कागद शोधायचा आहे ते पहा. जिल्ह्यात तेरा तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यात दोन शिकलेली पोरे मंगळवारचा दिवस द्यायला तयार झाली, तर कितीतरी लेकरे बालगृहाच्या फाटकापर्यंत पोहोचणारच नाहीत. संकटातल्या मुलासाठी १०९८ हा क्रमांक आहे, तो विहाराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

आणि रविवारी बालगृहात यायचेच असेल तर अवश्य या. केक आणू नका, कॅमेरा आणू नका. एखाद्या मुलाच्या आईचा पत्ता आम्ही देऊ, तिला एसटीने घेऊन या.

जय भीम!