साओ पाउलोतला पाव

साओ पाउलोत घड्याळ साडेआठ तास मागं गेलं. आम्ही तिघं बोरिवलीकर. पोर्तुगीज कुणालाच येत नव्हतं. पहिल्या सकाळी कोपऱ्यावरच्या बेकरीत मी नुसतं बोट दाखवलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘पांव?’ आम्ही एकमेकांकडे बघतच राहिलो.

मग दोन दिवस तोच नाद. बटाटा तिथं ‘बताता’, चावी ‘शावी’, साबण ‘सबांव’. काजू जवळजवळ तसाच, शिवाय मूळचा ब्राझीलचाच.

रविवारी पावलिस्ता अव्हेन्यू गाड्यांना बंद असतो. तिथं भटकताना मंडपेश्वरचा विषय निघाला. त्या लेण्यांवरच्या पोर्तुगीजांच्या पडक्या मठात आमच्या शाळेच्या सुट्ट्या गेल्या. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली, पोर्तुगीज गेले. शब्द मात्र आमच्या स्वयंपाकघरात राहिले, इतके की ते परके होते हेच आम्ही विसरलो.

आमच्यातला एक नोकरीसाठी तिथंच राहणार होता. रात्री त्याच्या आईचा फोन आला.

“तिथं बोलणार कुणाशी रे तू?”

“पाव, बटाटा मागता येतो आई. बाकीचं येईल हळूहळू.”

ती बराच वेळ गप्प होती.

“बरं. एकटा राहणार आहेस, चावी तेवढी सांभाळ.”