कडी निघालेली बादली



पाव फुगवणारं यीस्ट मी दरवर्षी चौथीच्या वर्गात कोमट साखरपाण्यात घालून दाखवते. यंदा एका मुलीने विचारलं, "बाई, यीस्टला पिल्लं होतात का?"

होतात की! पेशीला बारीक कलिका फुटते, ती वाढते आणि सुटी होते. खाणं आणि ऊब मिळाली तर साधारण दीड तासात एकीच्या दोन. पण त्याआधी 16 गुणसूत्रांची प्रत्येकी एक नक्कल कलिकेत पोहोचावी लागते. गुणसूत्राला ओढून नेणारा धागा जिथे बांधला जातो, तो गुणसूत्रबिंदू. यीस्टमध्ये तो डीएनएच्या जेमतेम 125 अक्षरांचा असतो. क्लार्क आणि कार्बन या शास्त्रज्ञांनी 1980 मध्ये तो पहिल्यांदा वेगळा काढला.

मी मुलांना बादलीचं उदाहरण देते. कडी निघाली तर बादलीतलं पाणी कुठे जात नाही, पण दोर बांधायचा कशाला? तसंच इथे. बिंदू गेला तरी गुणसूत्रावरची माहिती शाबूत असते, पण ते ओढलं जात नाही. बहुतेकदा आईपेशीतच राहतं. लेकीच्या वाट्याला जगण्यासाठी लागणारी जनुकंच येत नाहीत आणि ती मरते. अशा यीस्टची वाढ खुंटते.

आता गंमत बघा. 2018 मध्ये शांघायच्या शास्त्रज्ञांनी यीस्टची सोळाही गुणसूत्रं जोडून एकच लांबलचक गुणसूत्र केलं. त्यासाठी 15 बिंदू काढून टाकले. कारण एकाच गुणसूत्रावर दोन बिंदू राहिले, तर दोन्हीकडून ओढाताण होऊन ते तुटतं. म्हणजे स्वतःची कडी गेली, तरी शेजाऱ्याच्या कडीने सगळी वर आली! हे यीस्ट एकटं वाढवलं तर जवळजवळ नेहमीसारखंच वाढलं. साध्या यीस्टबरोबर एकाच भांड्यात वाढवलं, तेव्हा मात्र मागे पडलं.

मला इथे थांबावंसं वाटलं. "वाढतंय का?" आणि "इतरांपुढे टिकतंय का?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. शास्त्रज्ञ ते वेगवेगळे मोजतात. मूल म्हणजे काही यीस्ट नाही, हे कबूल. पण प्रगतीपुस्तक हातात घेतल्यावर आपण बहुधा दुसराच प्रश्न आधी विचारतो, "कितवा नंबर?" जूनमध्ये जोडाक्षरं न येणारं मूल दिवाळीपर्यंत अख्खं पान वाचू लागलं, तर ती वाढ नंबरात दिसेलच असं नाही.

म्हणून पालकहो, पुढच्या पालकसभेत पहिला प्रश्न आधी विचारा. उत्तर द्यायला आम्हालाही आवडेल.